विश्लेषण : मालवणच्या समुद्राचे सुकाणू कुणाच्या हाती? मासळी व्यवसायाला ‘सायबरनेटिक्स’ काय सांगते?

१ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी संपली की सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर नवा हंगाम सुरू होतो आणि त्याच्याबरोबर जुने वादही परततात. पारंपरिक मच्छीमार विरुद्ध पर्ससीन, रात्रीची एलईडी मासेमारी, परराज्यांतील हायस्पीड ट्रॉलरची घुसखोरी, ‘मत्स्यदुष्काळ’ जाहीर करण्याची मागणी... देवगड, मालवण, वेंगुर्ल्याच्या वाचकांना या बातम्या पाठ आहेत. कायदा आहे, गस्तीनौका आहेत, आता ड्रोनही आले. तरी तोच प्रश्न दर हंगामात पुन्हा का उभा राहतो? मोठ्या कंपन्यांचे व्यवसाय धोरण आखताना वापरली जाणारी ‘व्यवस्थापकीय सायबरनेटिक्स’ आणि ‘सिस्टिम थिंकिंग’ ही विचारपद्धती या प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने पाहायला लावते. दोष कुणाचा, हा प्रश्न ती बाजूला ठेवते. माहिती कुठून निघते, कुठे अडते आणि निर्णय घेणाऱ्याकडे किती उशिरा पोहोचते, एवढेच विचारते.

सायबरनेटिक्स म्हणजे नेमके काय?

हा शब्द ग्रीक भाषेतून आला. ‘कुबेर्नेतेस’ म्हणजे सुकाणू धरणारा. मालवणी किनाऱ्यावर हे काम तांडेलाचे. तांडेल नाव सरळ रेषेत नेत नाही. वारा, लाट, पाण्याची ओढ पाहत तो क्षणाक्षणाला सुकाणू थोडे इकडे, थोडे तिकडे करतो. नाव भरकटली हे त्याला लगेच कळते आणि तो लगेच दुरुस्ती करतो. हा जो ‘कळणे आणि दुरुस्त करणे’ यांचा फेरा आहे, त्याला फीडबॅक म्हणतात.

अमेरिकी गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर यांनी १९४८ मध्ये ‘सायबरनेटिक्स’ या पुस्तकातून या विद्येला नाव दिले. प्राणी आणि यंत्र या दोन्हींतील नियंत्रण व संदेशवहन हा तिचा विषय. वीनर १९५५-५६ मध्ये कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत काही महिने होते. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ रॉस अॅशबी यांनी १९५६ मध्ये तिची सोपी मांडणी केली. ब्रिटनच्या पोलाद उद्योगात काम करणारे स्टॅफर्ड बीअर यांनी १९५९ च्या ‘सायबरनेटिक्स अँड मॅनेजमेंट’ या पुस्तकात ती उद्योगाला लावली. अमेरिकेत जे फॉरेस्टर (१९६१), पुढे डोनेला मेडोज आणि पीटर सेंगे (१९९०) यांनी ‘सिस्टिम थिंकिंग’ ही जवळची शाखा वाढवली.

या सगळ्यांचे म्हणणे थोडक्यात असे : कारखाना, बँक किंवा मासळी बाजार यांचे वागणे त्यातल्या एकेका माणसाच्या स्वभावावरून ठरत नाही. माणसे एकमेकांशी कशी जोडली आहेत, यावरून ते ठरते. जोडणी तीच ठेवून माणसे बदलली, तर काही दिवसांनी निकालही तोच येतो.

रापण ही ‘व्यवस्था’ कशी?

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे लांबलचक जाळे. होडीतून ते समुद्रात अर्धवर्तुळात सोडतात. दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर असतात आणि दोन्ही बाजूंनी माणसे ते ओढत आणतात. हे काम एका कुटुंबाला झेपणारे नाही, म्हणून रापण संघ तयार झाले. जाळे, होडी आणि ओढणारे हात यांचे वाटे ठरलेले. किनाऱ्याच्या कोणत्या भागात कुणी, कधी जाळे घालायचे याचे रिवाजही ठरलेले.

सायबरनेटिक्सच्या भाषेत रापणीत तीन नियंत्रणे आपोआप बसली आहेत. पहिले, ती किनाऱ्यापासून दूर जाऊ शकत नाही. मासळीचा पाठलाग करणे तिला शक्य नाही, मासळी किनाऱ्याला आली तरच ती मिळते. दुसरे, मिळकत वाटून जात असल्याने एकट्याने जास्त ओढण्यात फायदा नाही. तिसरे, निकाल सगळ्यांच्या डोळ्यांसमोर वाळूवर पडतो. किती मासळी, कोणती, किती लहान, हे लपत नाही.

म्हणजे रापण हे जाळे आहेच, शिवाय ती समुद्राचा थर्मामीटरही आहे. तीच जागा, तशाच प्रकारचे जाळे, वर्षानुवर्षे. त्यामुळे रापणीला मिळणाऱ्या मासळीतला बदल किनाऱ्याजवळच्या समुद्रातल्या बदलाबद्दल काही सांगतो. ‘पूर्वी एवढी मासळी मिळायची, आता मिळत नाही’ या म्हाताऱ्या रापणकाराच्या वाक्याकडे भावनिक तक्रार म्हणून पाहिले जाते. अभियंत्याच्या नजरेतून पाहिले तर ते एका स्थिर सेन्सरचे वाचन आहे. नोंद मात्र कुणी ठेवत नाही.

रापणीला सोन्याचा मुलामा देण्याचे कारण नाही. तिच्या जाळ्यातही लहान मासळी येते. गावकीचे राजकारण तिथेही असते. पण धोरण आखणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की, तिच्या रचनेतच मर्यादा आहे. तिच्यावर मर्यादा घालायला बाहेरचा पोलीस लागत नव्हता.

मग बिघडले कुठे?

स्वातंत्र्यानंतर यांत्रिक नौकांना सरकारी प्रोत्साहन मिळाले. ट्रॉलर आले आणि पाठोपाठ किनाऱ्याजवळच्या मासळीवरून संघर्षही आला. शेजारच्या गोव्यात १९७० च्या दशकात रापणकार रस्त्यावर उतरले. माथानी साल्ढाणा यांच्या नेतृत्वाखालील त्या आंदोलनाने देशाचे लक्ष वेधले. त्यानंतर गोव्याने १९८० मध्ये आणि महाराष्ट्राने १९८१ मध्ये सागरी मासेमारी नियमन कायदा केला.

यानंतरची गोष्ट दोन फेऱ्यांत सांगता येते. पहिला फेरा कर्जाचा. मोठी नौका घ्यायची तर मोठे कर्ज. हप्ता फेडायचा तर मासळी जास्त हवी. मासळी कमी झाली की ती शोधायला दूर जावे लागते, डिझेल वाढते, म्हणून आणखी ताकदीचे इंजिन, फिश फाइंडर, मोठे जाळे. त्यासाठी पुन्हा कर्ज. यात नौकामालक लोभी असण्याची गरज नाही. हप्त्याची तारीख त्याला पुढे ढकलत राहते.

दुसरा फेरा ताकदीचा. ज्याच्याकडे मोठी नौका त्याला बँक उभी करते, डिझेलचा परतावा मिळतो, निर्यातदार दारात येतो. त्यातून पुढची नौका येते. छोट्या होडीवाल्याकडे तारण ठेवायला काही नाही. सिस्टिम थिंकिंगमध्ये या साच्याला ‘जिंकणाऱ्यालाच पुढची संधी’ म्हणतात. सुरुवातीचा फरक लहान असला, तरी प्रत्येक फेरीत तो वाढत जातो.

या दोन्ही फेऱ्यांना ब्रेक लावणारा एकच घटक उरतो : समुद्रातली मासळी संपणे. हा ब्रेक फार उशिरा लागतो. तो लागेपर्यंत सगळ्यात आधी बसते ती रापण, कारण ती जागा सोडून जाऊ शकत नाही.

नियम असूनही प्रश्न का सुटत नाही?

नियमांची कमतरता नाही. डॉ. व्ही. एस. सोमवंशी समितीच्या शिफारशींवर आधारित ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने राज्यात पर्ससीन मासेमारीवर कडक मर्यादा आल्या. हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच ठेवला गेला आणि परवान्यांची संख्या टप्प्याटप्प्याने १८२ पर्यंत खाली आणायचे ठरले. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. २०२१ मध्ये राज्याने १९८१ च्या कायद्यात दुरुस्ती करून दंड लाखांच्या घरात नेला. २०२३ मध्ये ५४ प्रजातींसाठी पकडण्याचे किमान आकारमान ठरवले. जानेवारी २०२५ पासून ड्रोनने टेहळणी सुरू झाली.

अॅशबी यांचा एक नियम इथे उपयोगी पडतो. ज्याच्यावर नियंत्रण ठेवायचे त्याच्या वागण्यात जेवढी विविधता, तेवढीच विविधता नियंत्रण ठेवणाऱ्याकडेही हवी. क्रिकेटच्या भाषेत, गोलंदाजाकडे सहा प्रकारचे चेंडू असतील आणि फलंदाजाकडे दोनच फटके, तर निकाल ठरलेला. सिंधुदुर्गचा किनारा सुमारे १२१ किलोमीटरचा. त्यावर वेगवेगळ्या जाळ्यांच्या नौका, मासळीच्या कित्येक जाती, अमावास्या-पौर्णिमेचे उधाण, शेजारच्या दोन राज्यांतून येणाऱ्या नौका आणि रात्रीचा अंधार. समोर काही गस्तीनौका, मोजके अधिकारी आणि एक राजपत्र. हे गणित जुळत नाही.

ते जुळवण्याचे तीन मार्ग आहेत. समोरची विविधता कमी करायची : दिवे पूर्ण बंद, अमुक क्षेत्रात प्रवेश नाही, असे तपासायला सोपे नियम. दुसरा, नियंत्रकाची ताकद वाढवायची : ड्रोन, ट्रान्सपाँडर. तिसरा मार्ग बीअर यांना सगळ्यांत महत्त्वाचा वाटे. जो प्रश्न जिथे उभा राहतो तिथेच तो सुटेल, एवढा अधिकार खालच्या पातळीला द्यायचा. पहिल्या दोन मार्गांवर सरकारने काम केले. तिसऱ्यावर फारसे काम झाल्याचे दिसत नाही.

हंगाम चार महिन्यांचा करण्याचा निर्णयही फेऱ्यांच्या भाषेत तपासून पाहावा लागतो. हंगाम लहान झाला पण कर्जाचा हप्ता तसाच राहिला, तर मालकावर चार महिन्यांत वर्षभराची कमाई करण्याचा दबाव येतो. म्हणजे नियम बरोबर असला, तरी त्याच्या शेजारचा आर्थिक नियम त्याला उलटा ओढत राहतो. दोन खाती दोन दिशांना सुकाणू फिरवत असतील, तर नाव जागीच गोल फिरते.

उशीर हाच मोठा शत्रू का?

अंघोळीच्या शॉवरचे उदाहरण सिस्टिम थिंकिंगच्या वर्गात नेहमी देतात. गिझर लांब असेल तर नळ फिरवल्यावर गरम पाणी यायला वेळ लागतो. माणूस अधीर होऊन नळ आणखी फिरवतो आणि मग भाजतो. फीडबॅक असून भागत नाही, तो वेळेवर हवा.

मालवणच्या समुद्रात वेगवेगळी माहिती वेगवेगळ्या वेगाने धावते. मासळी कुठे आहे, ही माहिती सगळ्यांत वेगवान. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था उपग्रहावरून समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान आणि हरितद्रव्य पाहून संभाव्य मत्स्यक्षेत्राची सूचना देते, ती थेट मच्छीमाराच्या मोबाइलवर येते. नौकेवरचा फिश फाइंडर तर त्याच क्षणी दाखवतो. बाजारभावही फोनवर लगेच कळतो.

समुद्रात एकूण मासळी किती उरली, ही माहिती मात्र सगळ्यांत मंद. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था म्हणजे सीएमएफआरआय निवडक बंदरांवरील नमुन्यांवरून उतरलेल्या मासळीचे अंदाज काढते. काम शास्त्रशुद्ध आहे, पण वर्षाचे चित्र पुढच्या वर्षी हाती येते. तोवर हंगाम संपलेला असतो. ज्या व्यवस्थेत ‘पकड’ सांगणारी माहिती सेकंदात आणि ‘थांब’ सांगणारी माहिती वर्षाने येते, ती व्यवस्था कोणत्या बाजूला झुकेल हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

बाजारभाव हा आणखी फसवा संकेत. रापणीला एखाद्या दिवशी तारलीची बंपर मासळी लागली की भाव कोसळतो, कारण बर्फ आणि शीतगृहाची सोय तेवढी नसते. उलट मासळी दुर्मीळ होत गेली की भाव चढतो आणि उरलेल्या माशांमागे लागणे अधिक फायद्याचे ठरते. म्हणजे भरपूर असताना भाव मच्छीमाराला शिक्षा करतो आणि संपत आले असताना बक्षीस देतो.

कारवाईतही उशीर होता. १९८१ च्या कायद्याखालील प्रकरणे आधी तहसीलदारांकडे जात. अनेक खात्यांचा भार असलेल्या अधिकाऱ्याकडे मासेमारीचा दावाही येई. २०२१ च्या दुरुस्तीने हा अधिकार मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांकडे दिला. दंडाच्या आकड्याची चर्चा जास्त झाली. सायबरनेटिक्सच्या हिशेबात मात्र निवाडा लवकर होण्याची शक्यता निर्माण झाली, हा बदल दंडाइतकाच मोठा आहे.

बीअर यांचा पाच पातळ्यांचा आराखडा मालवणला कसा लागू होतो?

‘ब्रेन ऑफ द फर्म’ या १९७२ च्या पुस्तकात बीअर यांनी माणसाच्या मज्जासंस्थेवरून एक आराखडा मांडला. कोणतीही संस्था तगून राहायची असेल तर तिच्यात पाच कामे चालू असायला हवीत.

पहिले काम प्रत्यक्ष कमाईचे : रापण, गिलनेट, ट्रॉलर, बर्फ कारखाना, मासळी विक्रेत्या महिला, स्कूबा, होमस्टे. दुसरे काम या सगळ्यांत धक्काबुक्की होऊ न देण्याचे : पाळ्या, क्षेत्रे, वेळा. तिसरे काम आजच्या कारभाराचे : परवाने, डिझेल, कर्ज, तपासणी. चौथे काम बाहेर आणि पुढे पाहण्याचे : हवामान बदल, मासळीचे स्थलांतर, निर्यात बाजार. पाचवे काम आपण कोण आहोत आणि काय राखायचे आहे, हे ठरवण्याचे.

सिंधुदुर्गात पहिले काम जोरात आहे. तिसरे सरकारी कार्यालयातून चालते. दुसरे काम, जे एकेकाळी रिवाजाने होत होते, ते जवळपास मोडले आहे. म्हणून वाद समुद्रात सुटतो, तोही होडीला होडी भिडवून. चौथे काम संशोधन संस्थांत होते, पण त्याचा तिसऱ्याशी संवाद क्षीण. क्यार आणि महा ही वादळे २०१९ च्या ऐन हंगामात आली, तौक्ते मे २०२१ मध्ये आले. अरबी समुद्राचा स्वभाव बदलतो आहे, पण परवाने आणि कर्जाचे वेळापत्रक जुन्याच समुद्राचे.

पाचवे काम सगळ्यांत अवघड. १९८७ मध्ये मालवणचे सागरी अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर, त्यात सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा भाग. स्थानिक मच्छीमारांना त्यात आपली जागा दिसली नाही आणि विरोध दशकानुदशके टिकला. संवर्धनाचा हेतू चांगला होता. पण ‘आपण कोण’ हे वरून सांगितले गेले की खालचे लोक ते आपले मानत नाहीत, हा त्यातला धडा.

बीअर यांनी ‘वेदना-संकेत’ अशीही एक कल्पना मांडली. पायात काटा रुतला की मेंदूला अहवाल वाट पाहत बसत नाही. तसा एक मार्ग संस्थेतही हवा, जो सगळे टप्पे ओलांडून थेट वर जाईल. रात्री दिव्यांची नौका दिसली तर गिलनेटवाल्याचा फोन कुठे जातो आणि किती मिनिटांत काय होते, हा मालवणचा वेदना-संकेत.

जगात कुठे जमले, कुठे फसले?

फसल्याचे सर्वांत मोठे उदाहरण कॅनडातील न्यूफाउंडलंडचे. तिथे १९८० च्या दशकात किनाऱ्याजवळचे छोटे मच्छीमार कॉड मासा कमी होत असल्याचे सांगत होते. मोठ्या ट्रॉलरचे आकडे मात्र ठीक दिसत होते, कारण उरलेले कळप शोधून काढण्याची यंत्रे त्यांच्याकडे होती. धोरणकर्त्यांनी मोठ्या आकड्यांवर अधिक विश्वास ठेवला. जुलै १९९२ मध्ये कॉड मासेमारी बंद करावी लागली आणि सुमारे ३० हजार लोकांचा रोजगार गेला. स्थिर सेन्सरचे वाचन दुर्लक्षिले गेले, ते हे असे.

जमल्याचे उदाहरण तुर्कस्तानातील अलान्याचे. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या ‘गव्हर्निंग द कॉमन्स’मध्ये ते प्रसिद्ध केले. चांगल्या जागेवरून मारामाऱ्या होत, म्हणून मच्छीमारांनी जागांची यादी केली, दर सप्टेंबरात चिठ्ठ्या टाकल्या आणि रोज प्रत्येकाने पुढच्या जागेवर सरकायचे ठरवले. नियम मोडणारा लगेच दिसतो, कारण त्या दिवशी ज्याची पाळी असते तोच पहारेकरी होतो. ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. जपानच्या सुरुगा उपसागरात साकुरा कोळंबी पकडणाऱ्या नौका आपली मिळकत एकत्र करून वाटून घेतात. रापण संघाच्या वाट्यासारखीच ही कल्पना, फक्त यांत्रिक नौकांवर.

बीअर यांचा स्वतःचा प्रयोग चिलीत झाला. १९७१ ते १९७३ या काळात सरकारी कारखान्यांना टेलेक्सने जोडून रोजची माहिती एका ठिकाणी आणण्याची ‘सायबरसिन’ योजना त्यांनी उभी केली. ऑक्टोबर १९७२ च्या ट्रकचालकांच्या संपात तिचा उपयोगही झाला. सप्टेंबर १९७३ च्या लष्करी उठावानंतर ती संपली.

हॉटेल आणि स्कूबा व्यवसायाला याचे काय?

१९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला. ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपी विमानतळ सुरू झाला. तारकर्ली, देवबाग, मालवणात होमस्टे आणि स्कूबा वाढले. मासळीच्या कमाईत खोट आली तेव्हा अनेक मच्छीमार कुटुंबांना या व्यवसायाने हात दिला.

पण साचा तोच आहे. पारदर्शक पाणी, प्रवाळ, विहिरीचे गोडे पाणी आणि शांतता हा सगळ्यांचा सामाईक साठा. प्रत्येक व्यावसायिकाने एक बोट, दोन खोल्या वाढवणे त्याच्यापुरते शहाणपणाचे. सगळ्यांनी तेच केले की दर पडतात, गर्दी वाढते आणि पर्यटक ज्यासाठी येतो तेच झिजते.

हॉटेलच्या ताटाचाही समुद्रावर थेट परिणाम होतो. फलकावर बाराही महिने सुरमई आणि पापलेट थाळी असेल, तर मागणी दोन माशांवर एकवटते आणि किनाऱ्यावर दबाव तयार होतो. ‘आज रापणीला जे मिळाले ते’ अशी थाळी ठेवणारा हॉटेलवाला मागणी समुद्राच्या मागे नेतो. ही समाजसेवा नाही. खरेदीचा भाव आटोक्यात राहतो, मासळी ताजी मिळते आणि पर्यटकाला शहरात न मिळणारी चव मिळते. व्यवसाय धोरणात फीडबॅक बसवणे म्हणतात ते हे.

या विचारपद्धतीच्या मर्यादा कोणत्या?

पहिली मर्यादा, आकृतीत सत्ता दिसत नाही. पाच पातळ्या कागदावर नीट बसतात, पण कुणाचा शब्द चालतो हे त्या सांगत नाहीत. पर्ससीन मालक, निर्यातदार आणि पारंपरिक मच्छीमार यांची ताकद सारखी नाही. ‘सर्वांना एकत्र बसवा’ म्हणणे सोपे आहे, बसल्यावर बोलायचे कुणी हा प्रश्न राहतो.

दुसरी, स्थानिक संघ म्हणजे सगळा गाव नव्हे. बाजारात बसणाऱ्या मासळी विक्रेत्या महिला रोज माशांचा आकार पाहतात, पण निर्णयात त्या क्वचितच असतात. परजिल्ह्यांतून आणि नेपाळमधून आलेले खलाशीही नसतात.

तिसरी, मासळी कमी होण्याचे प्रत्येक कारण जाळ्यात नसते. तारलीसारखा मासा समुद्राच्या तापमानाप्रमाणे काही वर्षे भरभरून येतो, काही वर्षे गायब होतो. म्हणून एका वाईट हंगामावरून कुणाला दोषी ठरवणे चूकच. मात्र हेच सततच्या नोंदींची गरज दाखवणारे कारणही आहे. नोंद असेल तरच चढउतार कोणता आणि ऱ्हास कोणता, हे ओळखता येते.

पुढे काय करता येईल?

बीअर यांचे एक ठाम मत होते : एखाद्या व्यवस्थेचा हेतू तिच्या फलकावर वाचू नये, ती प्रत्यक्षात काय घडवते ते पाहावे. सिंधुदुर्गची सध्याची रचना कायद्याच्या पानावर पारंपरिक मच्छीमाराचे रक्षण करते. प्रत्यक्षात ती त्याला दर हंगामात आंदोलनाला बसवते. एवढी वर्षे हेच घडत असेल, तर दुरुस्ती माणसांची नव्हे, जोडण्यांची हवी.

त्याची सुरुवात फार खर्चाची नाही. रापण आणि गिलनेटच्या निवडक केंद्रांवर रोजची मासळी, तिचा आकार आणि वजन मोबाइलवर नोंदवता येईल. लिलावाच्या जागी ते सगळ्यांना दिसेल असे लावता येईल. या नोंदी विक्रेत्या महिलांकडून घेतल्या तर त्या अधिक नेमक्या होतील आणि महिलांना व्यवस्थेत जागाही मिळेल. एखाद्या जातीची लहान पिल्ले ठरावीक प्रमाणाबाहेर दिसू लागली, तर काही दिवस थांबायचे, हे हंगामाआधीच दोन्ही बाजूंनी मान्य करता येईल. भांडण पेटल्यावर नियम करण्यापेक्षा हे सोपे. ट्रॉल जाळ्याच्या टोकाला चौकोनी आस वापरण्याचा प्रयोग या जिल्ह्यात संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या प्रकल्पात झाला. हिऱ्याच्या आकाराची आस ताण आला की मिटते, चौकोनी उघडी राहते आणि पिल्ले निसटतात. नियमन पोलिसाऐवजी जाळ्याच्या विणीत बसवण्याचा हा उत्तम नमुना आहे.

कर्जाच्या हप्त्यांचे वेळापत्रक परवान्याच्या हंगामाशी जुळवावे लागेल आणि जाळे बदलू इच्छिणाऱ्या मालकाला बाहेर पडण्याचा सन्मानाचा रस्ता द्यावा लागेल. एप्रिल २०२५ मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. वीज, कर्ज आणि विम्याच्या सवलती त्यातून मिळू शकतील. पण सवलत जाळ्याच्या प्रकाराकडे न पाहता दिली गेली, तर ‘जिंकणाऱ्यालाच पुढची संधी’ हा फेरा आणखी वेगाने फिरेल. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरमधून सुरू झालेल्या ट्रान्सपाँडर योजनेची माहितीही फक्त वर जाऊन चालणार नाही. घुसखोरीची तक्रार कधी आली, नौका कधी पोहोचली, निवाडा कधी झाला, हे तीन आकडे जिल्ह्यात दर आठवड्याला जाहीर झाले, तरी विश्वासाचा मोठा भाग परत येईल.

ड्रोन वरून नौका मोजू शकतो. किनाऱ्याला मासळी यायची थांबली आहे, हे त्याला दिसत नाही. ते रापण ओढणाऱ्या हातांना आधी कळते. जिल्ह्याचे मत्स्य धोरण ठरवताना त्या हातांना निवेदन देणारे शिष्टमंडळ म्हणून बोलवायचे की रोजची माहिती देणारे आणि त्यावर निर्णय घेणारे भागीदार म्हणून, एवढाच खरा निवडीचा प्रश्न आहे. न्यूफाउंडलंडने तो चुकीचा सोडवला. मालवणकडे अजून वेळ आहे, पण तो किती, हे सांगणारी नोंदवहीसुद्धा अजून उघडलेली नाही.